हलगीचं गणित: बेसेल फंक्शनचे आकडे उधळले, काय चुकतंय?

हलगी_खानापूर | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतल्या मंडळाची नट-बोल्टवाली फायबरची हलगी आहे, व्यास ३० सेंटिमीटर. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तीच घेतलीय. पडदा गोल, कडेनं घट्ट. वाजवल्यावर कुठले सूर निघतील ते आधी कॉम्प्युटरवर काढायचं आणि मग मोबाईलवर मोजून ताडून बघायचं, एवढंच काम. पुस्तक म्हणतं हे सूर बेसेल फंक्शन जिथं जिथं शून्य होतं त्या आकड्यांवरून मिळतात.

पायथनच्या मॅथ मॉड्यूलमध्ये शोधलं. साइन आहे, गॅमा आहे, एर्फसुद्धा आहे. बेसेल नाही. सायपाय नावाच्या पायथनच्या जादा लायब्ररीमध्ये आहे म्हणतात, पण लॅबच्या मशीनवर काही टाकायचं तर पासवर्ड लागतो आणि पासवर्डवाले सर रजेवर. माझ्या लॅपटॉपची डिस्क गणपतीतच गेली. म्हटलं स्वतःच लिहू, किती अवघड असणार.

बेसेल फंक्शन 'जे' नं लिहितात, शेजारचा आकडा म्हणजे त्याची ऑर्डर, सूत्रातला एन. पुस्तकाच्या मागच्या तक्त्यातून एक्स = १ साठी जे० = ०.७६५१९८ आणि जे१ = ०.४४००५१ घेतले. पुढचे या सूत्रानं काढले: पुढचा जे = (२ × एन ÷ एक्स) × आत्ताचा जे − मागचा जे. आलं ते असं:

जे२ = ०.११४९०४
जे३ = ०.०१९५६५
जे४ = ०.००२४८६
जे५ = ०.०००३२३
जे६ = ०.०००७४४
जे७ = ०.००८६०५
जे८ = ०.११९७२६

हे कमी कमी होत जायला पाहिजेत. जे५ पर्यंत शहाण्यासारखे उतरले आणि जे६ पासून उधळले. कोड तीनदा तपासला, शेवटी कॅल्क्युलेटरवर हातानं केलं, तरी हेच. सूत्र तर पुस्तकात चौकटीत छापलंय. कुणी सांगाल का?

कुंदाप्रेमी | मंगळवार, रात्री ११.५२

मी घाईत 'बेसन फंक्शन' वाचलं आणि पिठल्याची पाककृती असेल म्हणून धागा उघडला. इतक्या रात्री काय करूलास बे, झोप की.

चिकोडीकर | बुधवार, रात्री १२.१५

लॅबच्या मशीनवर जीसीसी, म्हणजे सी भाषेचा कंपायलर, असेलच. मग लायब्ररी तुझ्या हातातच आहे. सीच्या मॅथ डॉट एचमध्ये जे-झीरो, जे-वन, जे-एन आणि त्यांच्या जोडीची वाय-झीरो, वाय-वन, वाय-एन अशी सहा फंक्शनं आहेत. ही सी भाषेच्या आयएसओ प्रमाणातली नाहीत, युनिक्सकडून आलेली आहेत आणि पॉसिक्समध्ये नोंदलेली आहेत. त्यामुळे कंपायलरला 'कडक सी९९' असा फ्लॅग दिलास तर हेडर ती लपवून ठेवतो आणि तू म्हणशील फंक्शनच नाही. तो फ्लॅग काढ, लिंक करताना एलएम जोड, झालं. जावाच्या मॅथमध्ये मात्र शोधत बसू नको, तिथं नाहीत.

यावरून आठवलं. पहिल्या वर्षाला सीमध्ये दोन बिंदूंतून रेषा काढायचा प्रोग्रॅम होता. मी वर ग्लोबल एक्स१, वाय१, एक्स२, वाय२ लिहिले. एक्स१ ला काही नाही, एक्स२ ला नाही, वाय२ लाही नाही, फक्त वाय१ वर कंपायलर चिडला. मॅडम म्हणाल्या नाव बदल. बदललं, चाललं. नोकरीत सात वर्षं गेल्यावर कळलं की वाय१ हे नाव त्या बेसेलच्या दुसऱ्या भावंडानं आधीच अडवून ठेवलेलं असतं.

तिळकवाडी_मास्तर | बुधवार, सकाळी ६.२०

हलगी_खानापूर, तुमचा कोड बरोबर आहे, सूत्रही बरोबर आहे. चुकली ती दिशा. लायब्ररी वापरण्याआधी हे समजून घ्या, कारण असे आकडे उधळलेले पाहण्याची संधी एरवी मिळत नाही. लायब्ररी ते दिसूच देत नाही.

तुमचं सूत्र एकट्या जे-चं नाही. वाय नावाचं दुसरं फंक्शन आहे, तेही हेच सूत्र पाळतं. एक्स = १ ला जे आकडे घटत जातात आणि वाय-चे वाढत जातात: वाय५ सुमारे −२६०, वाय६ −२,५७१, वाय७ −३०,५८९, वाय८ −४,२५,६७४. सूत्राला बिचाऱ्याला ठाऊक नसतं तुम्हाला दोघांतलं कोण हवं आहे. तुम्ही तक्त्यातून सहा घरांचे आकडे घेतलेत. सातव्या घरापासून पुढे जे कापलं गेलं, त्या कापाकापीतून वाय-चा एक कण तुमच्या जे-मध्ये शिरला. दुधात विरजणाचा थेंब पडला तर पहिला तासभर दूधच दिसतं, सकाळी अख्खं भांडं दही.

खात्री करायची? तुमचं जे८ म्हणजे ०.११९७२६, त्याला ४,२५,६७४ नं भागा. ०.००००००२८. आता जे७ म्हणजे ०.००८६०५ ला ३०,५८९ नं भागा. पुन्हा ०.००००००२८. दोन्हीकडे तोच थेंब, चिन्ह तेवढं उलटं. जे६ च्या पुढे तुम्ही जे मोजतच नव्हतात, वाय मोजत होतात.

उपाय: उलटे चला. वरून खाली येताना जे वाढतो आणि वाय घटतो, म्हणजे घाण आपोआप गळून जाते. पण वर सुरुवात कशानं करायची, जे७ आणि जे८ तर ठाऊक नाहीत! इथं गंमत आहे. काहीही धरा. जे८ = ०, जे७ = १ धरा. खोटं आहे, असू द्या. वहीत करतो:

जे६ = १४ × १ − ० = १४
जे५ = १२ × १४ − १ = १६७
जे४ = १० × १६७ − १४ = १,६५६
जे३ = ८ × १,६५६ − १६७ = १३,०८१
जे२ = ६ × १३,०८१ − १,६५६ = ७६,८३०
जे१ = ४ × ७६,८३० − १३,०८१ = २,९४,२३९
जे० = २ × २,९४,२३९ − ७६,८३० = ५,११,६४८

हे सगळे एकाच पटीनं फुगलेले आहेत. ती पट काढायला एक नियम आहे: जे० मध्ये जे२, जे४, जे६ वगैरे सम ऑर्डरच्या सगळ्यांची दुप्पट मिळवली की बेरीज नेमकी १ येते. आपली बेरीज येते ५,११,६४८ + २ × ७८,५०० = ६,६८,६४८. प्रत्येकाला हिनं भागा.

जे० = ०.७६५१९७८, खरा ०.७६५१९७७. जे१ = ०.४४००५०७, खरा ०.४४००५०६. आणि ज्या जे५ ला तुम्ही ०.०००३२३ वर आला होतात तो १६७ ÷ ६,६८,६४८ = ०.०००२४९७६, सगळी घरं बरोबर. तक्ता लागला नाही, सुरुवातही खोट्या आकड्यानं केली. ही युक्ती जे. सी. पी. मिलर यांची. १९५२ साली ब्रिटिश असोसिएशननं बेसेलचे तक्ते छापले त्यात ती आहे. कॉम्प्युटर म्हणावं असं तेव्हा फारसं काही नव्हतं, मंडळी हातयंत्रं फिरवत होती.

हलगी_खानापूर | बुधवार, दुपारी १.०५

सर, कँटीनमध्ये बसून वहीत पुन्हा केलं. १६७ वाला आकडा जुळला तेव्हा अंगावर काटा आला. खोट्या १ वरून खरं उत्तर! शेजारचा म्हणतोय, जे८ = ० ऐवजी जे८ = ५ धरलं तर?

तिळकवाडी_मास्तर | बुधवार, दुपारी २.३०

धरून बघा आणि कितवं घर बिघडतं ते इथं लिहा. बिघडलं तर आणखी वरून, बारा-तेरापासून सुरू करा.

आणि सूत्र सरळ दिशेनं कधीच चालत नाही असं मात्र लिहू नका रिपोर्टात. ऑर्डर एक्सपेक्षा लहान असेपर्यंत सरळ चालतं. तुमचा एक्स १ होता म्हणून लगेच फुटलं.

चिकोडीकर | बुधवार, दुपारी ३.१०

मास्तरांनी सांगितलं तेच सीच्या जे-एनमध्ये आत बसलंय. ऑर्डर एक्सपेक्षा लहान असली तर ते जे-झीरो, जे-वनपासून सरळ चढतं. मोठी असली तर वरून उतरतं, फक्त 'काहीही धरा' न म्हणता वरच्या दोन जे-चं गुणोत्तर कंटिन्यूड फ्रॅक्शननं (अपूर्णांकात अपूर्णांक) काढून घेतं. आणि वाय-एन बिनधास्त सरळ चढतं, कारण तिथं वाढणाराच हवा असतो.

हलगी_खानापूर | बुधवार, रात्री १०.२०

जे८ = ५ धरलं: जे० ०.७६५१८० आला, म्हणजे पाचवं घर बिघडलं. बारापासून केलं तर ० धरा नाहीतर ५ धरा, फरकच दिसत नाही.

आता दुसरी भानगड. जे-झीरो मोठ्या एक्सला काढायला पुस्तकातली अनंत श्रेणी वापरली. एक्स = १ ला झकास, पाच-सहा पदांत उत्तर. हौस म्हणून एक्स = ५० टाकलं तर उत्तर हजारांत! जे-झीरो तर १ च्या वर जातच नाही ना?

चिकोडीकर | बुधवार, रात्री ११.००

श्रेणीत पदं एक अधिक, एक उणे अशी येतात. एक्स = ५० ला मधलं सगळ्यात मोठं पद (२५ चा २५ वा घात भागिले २५ फॅक्टोरियल) याचा वर्ग. म्हणजे ३ च्या पुढे एकोणीस शून्यं. खरं उत्तर आहे ०.०५५८. डबलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर दशांश आकडे ठेवतो त्या नेहमीच्या प्रकारात, पंधरा-सोळा अंक मावतात. त्या उंचीवर डबलचे दोन शेजारी आकडे एकमेकांपासून ४०९६ नं लांब असतात, मधलं काही लिहिताच येत नाही. त्या अधिक-उण्यातून ०.०५ शिल्लक राहील म्हणतोस?

आमच्याकडं गळीत हंगामात काट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. भरलेली ट्रॉली काट्यावर घ्यायची, उतरवायची, वर तपकिरीची डबी ठेवून परत चढवायची आणि वजाबाकीनं डबीचं वजन सांगायचं. तू तेच केलंस.

मोठ्या एक्सला दुसरा रस्ता: २ भागिले (पाय, म्हणजे ३.१४१६, गुणिले एक्स) याचं वर्गमूळ, गुणिले कोसाइन (एक्स − पाय/४). ५० टाकून बघ, एवढ्याशा सूत्रानं ०.०५६१ येतं. वर थोडी दुरुस्ती जोडली की बाकीचे अंकही मिळतात. लिनक्सच्या लायब्ररीतलं जे-झीरो मुळात सन मायक्रोसिस्टिम्सच्या १९९३ च्या कोडवरून आलंय. ते एक्स २ च्या आत असेल तर बहुपदींचा भागाकार वापरतं, २ च्या पुढे हा कोसाइनचा रस्ता धरतं. बाहेरून एकच नाव, आत वेगवेगळी दुकानं. सायपायचं जे-व्ही पूर्णांक नसलेल्या आणि मोठ्या ऑर्डरलाही चालतं. त्याच्यामागे डोनाल्ड एमॉस यांची १९८६ ची, मुळात फोरट्रानमध्ये लिहिलेली रूटिनं आहेत.

उद्यमबाग_शिफ्ट२ | गुरुवार, रात्री १२.४५

बेसेलवाले एवढे एकत्र सापडलेत म्हणून इथंच विचारतो. आमचं हीट ट्रीटमेंटचं काम. गोल बार भट्टीतून काढून तेलात टाकला की गाभा किती वेळात थंड होतो ते काढायचंय. पुस्तकात समीकरण आहे: लॅम्डा × जे१(लॅम्डा) = बायो नंबर × जे०(लॅम्डा). बायो नंबर म्हणजे पृष्ठभागावरून उष्णता जाणं आणि बारच्या आतून वाहणं यांचं गुणोत्तर. तो १ धरला तर लॅम्डा १.२५५८ असं तक्त्यात दिलंय. म्हटलं आधी दिलेलाच आकडा एक्सेलमध्ये घालून बघू. जे० ला शून्य आलं, जे१ ला ०.४४०१. गुणोत्तर काढायला गेलो तर शून्यानं भागाकार म्हणून बोंब. एक्सेलचं बेसेल बिघडलंय काय?

चिकोडीकर | गुरुवार, सकाळी ८.५०

मामा, कंसात आधी काय लिहिलंय? ऑर्डर आधी लिहिली असणार.

उद्यमबाग_शिफ्ट२ | गुरुवार, सकाळी ९.१५

होय की. जे-झीरो म्हणजे आधी शून्य, मग १.२५५८. तू वर सी सांगितलास, त्यात जे-एनला आधी एनच असतो म्हणे.

चिकोडीकर | गुरुवार, सकाळी ९.३०

सीमध्ये, सी प्लस प्लसमध्ये, सायपायमध्ये, मॅटलॅबमध्ये ऑर्डर आधी. एक्सेलमध्ये एक्स आधी, ऑर्डर नंतर. आणि एक्सेल ऑर्डरचा अपूर्णांक गुपचूप छाटून टाकतं. म्हणजे तुम्ही विचारलं 'शून्याला, १.२५५८ ऑर्डरचं', त्यानं ऐकलं 'शून्याला, ऑर्डर १ चं', उत्तर ०. दुसऱ्या वेळी ऐकलं 'एकला, ऑर्डर १ चं', उत्तर ०.४४०१. हा तोच आकडा, जो आपल्या खानापूरच्या भावानं तक्त्यातून घेतला होता. क्रम उलटा करा: जे०(१.२५५८) = ०.६४२९, जे१(१.२५५८) = ०.५१२०, आणि १.२५५८ × ०.५१२० = ०.६४३०. बसलं.

शून्य आलं हे तुमचं नशीब. नुसतं ०.४४०१ वालंच काम असतं तर कुणालाच कळलं नसतं आणि बार वेळेआधी बाहेर निघाला असता.

उद्यमबाग_शिफ्ट२ | गुरुवार, सकाळी ९.४०

बार नाही ओ, मीच बाहेर निघालो असतो. थँक्यू.

हलगी_खानापूर | गुरुवार, संध्याकाळी ७.१५

जे-झीरो मिळालं, पण मला ते शून्य कुठं होतं तो आकडा पाहिजे. मी २ पासून छोटी छोटी पावलं टाकत 'जे-झीरो बरोबर शून्य' होईपर्यंत लूप फिरवला. जेवून आलो तरी फिरतोय.

तिळकवाडी_मास्तर | गुरुवार, रात्री ८.००

तो पुढच्या वर्षीपर्यंत फिरेल. पहिलं शून्य २.४०४८२५५५७६९५७७३ आणि पुढे न संपणारं. ते डबलमध्ये लिहिताच येत नाही. २.४ च्या परिसरात डबलचे शेजारी साधारण ४.४ × १० चा उणे सोळावा घात इतक्या अंतरावर असतात आणि तिथं जे-झीरोचा उतार ०.५१९ आहे. म्हणजे सगळ्यात जवळच्या घरात बसलात तरी उत्तर १० च्या उणे सोळाव्या घाताच्या आसपास, स्वच्छ शून्य नाही.

चिन्ह बदलतं कुठं ते बघा. जे०(२) = ०.२२३९, जे०(३) = −०.२६०१, म्हणजे मधे कुठंतरी. मध्य घ्या, चिन्ह बघा, अर्धा भाग फेका. पन्नासेक फेऱ्यांत यंत्राची ऐपत संपते. तिथंच थांबा.

एक जोड. शून्याच्या अगदी जवळ फंक्शनची किंमत इतकी बारीक असते की तिचे सगळे अंक बरोबर असतील अशी अपेक्षा कुठल्याही लायब्ररीकडून करू नका. शून्याची जागा भरवशाची असते, तिथली किंमत तेवढी नसते.

हलगी_खानापूर | शुक्रवार, रात्री ९.३०

मिळाली! जे० ची २.४०४८, ५.५२०१, ८.६५३७. जे१ ची ३.८३१७, ७.०१५६. जे२ चं पहिलं ५.१३५६, जे३ चं ६.३८०२. पहिल्यानं सगळ्यांना भागलं: १, १.५९३, २.१३६, २.२९५, २.६५३, २.९१७. म्हणजे खालचा सूर २०० हर्ट्झ असेल तर वरचे ३१९, ४२७, ४५९, ५३१, ५८३. एकही दुप्पट-तिप्पट नाही. म्हणून हलगी 'सा' धरत नाही तर!

नट आवळले, पुन्हा वाजवली. सगळे सूर चढले, गुणोत्तरं तीच. शिमग्यात पोरं कातड्याची हलगी शेकोटीवर शेकतात तेव्हाही हेच होत असणार.

पण मोबाईलवर मोजलं तर सगळ्यात खालचा १८२, दुसरा ३१०, तिसरा ४२५. १८२ आणि ३१० चं गुणोत्तर १.७० येतंय, पाहिजे १.५९. पुन्हा कुठं दिशा चुकली काय?

तिळकवाडी_मास्तर | शनिवार, सकाळी ६.१०

हवा विसरलात. सूत्र निर्वात पडद्याचं आहे. तुमचा पडदा अंगाला हवा चिकटवून हलतो, आणि सगळा पडदा एकदम वरखाली होतो तो पहिला प्रकार सर्वांत जास्त हवा ओढतो, म्हणून तोच सर्वांत खाली घसरतो. पहिला बाजूला ठेवा. तिसरा भागिले दुसरा काढा: ४२५ ÷ ३१० = १.३७. सूत्राचं ५.१३५६ ÷ ३.८३१७ = १.३४. आता बरं वाटलं?

अक्का_अनगोळ | शनिवार, सकाळी ११.००

मी तबला शिकवते, गणिताशी बारावीनंतर भेट नाही, पण हा धागा रोज वाचतेय. तबल्यावर शाई, म्हणजे मधला काळा गोल, असते, ती विसरू नका. पुडी नुसती चामड्याची ठेवली तर तीही तुमच्या हलगीसारखीच बोलते. शाईचे थर मधे जाड आणि कडेला पातळ घोटत नेले की तबला 'सा' धरतो. सर, हे बेसेलमध्ये बसतं का?

तिळकवाडी_मास्तर | शनिवार, दुपारी १२.२०

अक्का, हा प्रश्न सी. व्ही. रामन यांनी धरला होता. १९२० मध्ये एक छोटं टिपण आणि १९३४ मध्ये 'इंडियन म्युझिकल ड्रम्स' हा सविस्तर निबंध, नोबेल मिळून चार वर्षं झाल्यानंतर. मधे वजन आल्यानं पडद्याची कंपनं अशी सरकतात की १.५९३ चं जवळपास २ होतं, आणि २.१३६ व २.२९५ ही दोन वेगवेगळी असलेली एकत्र येऊन ३ वर बसतात. त्याच्या वरच्या दोन जोडीनं ४ वर, तीन मिळून ५ वर. नऊ कंपनं, पाच सूर, सगळे पहिल्याच्या पटीत. साध्या पडद्याचं बेसेल तिथं जसंच्या तसं लागू होत नाही, कारण वजन सगळीकडे सारखं नाही. रामन यांनी पडद्यावर वाळू टाकून स्थिर रेषा बघितल्या होत्या.

हलगी_खानापूर, तुम्हीही टाका. ५.५२०१ च्या कंपनात मधे एक वर्तुळ स्थिर राहायला हवं. त्याची त्रिज्या २.४०४८ ÷ ५.५२०१ = ०.४३५६ पट. तुमची हलगी १५ सेंटिमीटर त्रिज्येची, म्हणजे केंद्रापासून साडेसहा सेंटिमीटरवर.

अक्का_अनगोळ | शनिवार, दुपारी १२.४५

म्हणजे मैदान आणि शाईच्या मधल्या त्या हद्दीवर बोट ठेवून आम्ही 'तीं' वाजवतो, ते पण एखाद्या स्थिर रेषेवर बोट ठेवणंच झालं. वीस वर्षं शिकवलं, असं कधी सुचलं नव्हतं.

उद्यमबाग_शिफ्ट२ | रविवार, रात्री १.३०

हा बेसेल हलगी वाजवायचा काय?

तिळकवाडी_मास्तर | रविवार, सकाळी ७.००

नाही हो, खगोलशास्त्रज्ञ. कोनिग्सबर्गच्या वेधशाळेत. १८३८ मध्ये '६१ सिग्नी' या ताऱ्याचं अंतर मोजलं तो हाच. ही फंक्शनं त्यानं १८२४ मध्ये ग्रहांच्या गतीसाठी पद्धतशीर मांडली. पण त्याच्या जन्माआधी, १७३० च्या दशकात, डॅनिएल बर्नुलीला ती टांगलेल्या साखळीत भेटली होती. तुमच्या शॉपमध्ये साखळ्या असतीलच. एक टोक वर बांधा, दुसरं मोकळं, हळूच हलवा. एका झोक्याला लागणारा वेळ = ४ × पाय ÷ २.४०४८ × वर्गमूळ (लांबी ÷ ९.८१). तेच २.४०४८, हलगीचं.

उद्यमबाग_शिफ्ट२ | रविवार, रात्री ११.५०

चेन पुलीची साखळी, मोकळी दोन मीटर. सूत्रानं एक झोका २.३६ सेकंद, म्हणजे दहाचे २३.६. स्टॉपवॉचवर पहिल्यांदा २३.९, दुसऱ्यांदा २३.४. सुपरवायझर येऊन विचारून गेला काय चाललंय. म्हटलं मेंटेनन्स.

हलगी_खानापूर | सोमवार, रात्री १०.१०

सर, केलं. हलगी दोन विटांवर आडवी, खाली स्पीकर, मोबाईलवरून सूर सोडत गेलो, वर बारीक रवा. सुरुवातीला रवा नुसता नाचत होता. ४६० च्या आसपास आल्यावर मधला रवा बाहेर सरकायला लागला, कडेचा आत, आणि एक कडं उभं राहिलं. पट्टी लावली: ६.७ सेंटिमीटर. साडेसहाला दोन मिलिमीटर जास्त, आणि माझी पट्टीही तेवढीच चुकत असेल. आईनं तो रवा परत डब्यात ओतायचा नाही अशी शपथ घातलीय.

आज पासवर्डवाले सर रजेवरून आले. सायपाय टाकलं. जेएन-झीरोज नावाचं एक फंक्शन आहे, त्याला ऑर्डर आणि किती शून्यं पाहिजेत ते सांगितलं की एका ओळीत सगळी हजर. माझी बाराव्या घरापर्यंत जुळली. आठवडाभराची जागरणं, त्यांची एक ओळ.

मग हाव सुटली म्हणून मंडळातली जुनी कातड्याची हलगी मागून आणली आणि तिच्यावरही रवा टाकला. कडं उमटलं, पण गोल नाही. एका बाजूला ६.२, समोर ७.४, अंड्यासारखं. तीनदा केलं, तीनदा अंडं, आणि फुगवटा दर वेळी त्याच बाजूला. याला कुठलं फंक्शन?

तिळकवाडी_मास्तर | सोमवार, रात्री १०.४०

कातडं सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं, ताणही सगळ्या दिशांनी सारखा बसत नाही. त्याला तयार फंक्शन कुठल्याच लायब्ररीत नाही. पडद्याचे बारीक त्रिकोण पाडून आकडेमोड करावी लागेल. फुगवट्याकडची जाडी स्क्रू गेजनं मोजून ठेवा आधी.

उद्यमबाग_शिफ्ट२ | मंगळवार, रात्री १२.३०

स्क्रू गेज आमच्याकडं आहे. हलगी घेऊन ये सेकंड शिफ्टला, दोनच्या पुढं.